पवईहून परतताना

आज लेकीसोबत पवईला आयआयटीत गेले होते. तिला बायोमेडिकलमध्ये, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या इंजिनिअरिंगमध्ये, एमटेक करायचंय. एमटेकच्या प्रवेशपरीक्षेत, 'गेट'मध्ये, २०२० पासून या विषयाचा वेगळा पेपर आहे, त्याचाच अभ्यास चाललाय.

मी १९ वर्षं हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करते, त्यामुळे रँकिंगपेक्षा मला एकच गोष्ट बघायची होती: शिकताना मुलं पेशंटच्या किती जवळ जातात? आयआयटी मुंबईला स्वतःचं मेडिकल कॉलेज नाही, ही माझी खरी धाकधूक. पण इथल्या एमटेकला इंजिनिअरांबरोबर डॉक्टरही प्रवेश घेतात, आणि २०१४ पासूनचं 'बेटिक' केंद्र डॉक्टरांची अडचण ऐकून त्यावर उपकरणं घडवतं. एमबीबीएस झालेला मुलगा शेजारच्या बाकावर असणं हीसुद्धा मोठी शिकवणीच.

तरी माझं मन दक्षिणेकडे ओढ घेतंय. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी हे मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा ही वैद्यकीय संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं, म्हणजे हॉस्पिटलातल्या यंत्रांच्या इंजिनिअरिंगचं, एमटेक चालवतात. श्रीचित्राचा देशी हार्ट व्हॉल्व्ह १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवला गेला! तिथे शिकायचं म्हणजे काय, विचार करा.

एकदा रात्री दोन वाजता आयसीयूत व्हेंटिलेटरचा अलार्म थांबेना. दोष एका ओल्या सेन्सरचा होता. हात थरथरत होते माझे, कारण कॉलेजात चालू व्हेंटिलेटर कुणी दाखवलाच नव्हता. लेकीवर ती वेळ येऊ नये.

ती म्हणाली, "आई, दोन्हीकडे अर्ज भरू."

तिथे शिकलेलं कुणी असेल तर कळवा, प्लीज. वॉर्डात नेमके किती तास मिळतात?