आबालाल यांचा रंकाळा

रविवार, रात्र

टाउन हॉल म्युझियममधून परतले, पण डोक्यातून आबालाल रहिमान जात नाहीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, १८८८ मध्ये व्हाइसरॉयचं पदक मिळवलेले चित्रकार. मनात आणलं असतं तर मुंबईत राहून व्यक्तिचित्रांवर नाव आणि पैसा दोन्ही कमावता आलं असतं. ते कोल्हापूरला परत आले. रंकाळा तलाव, त्यातला दगडी संध्यामठ, पंचगंगेचा घाट, कोटीतीर्थ; घरातून निघून पायी पोचता येईल एवढाच मुलूख त्यांनी आयुष्यभर रंगवला.

आणि तो त्यांना पुरला! रंकाळ्याचं पाणी सकाळी सातला असतं तसं दहाला नसतं. संध्यामठाचं तर विचारूच नका. पावसाळ्यात तळं भरलं की तो पाण्यात जातो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगड उघडे पडतात. चार दिवस मुक्कामाला आलेल्या चित्रकाराला त्याचं एकच रूप मिळेल. कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या खांबावर येतं, हे ठाऊक व्हायला इथंच म्हातारं व्हावं लागतं. ते झाले.

त्यांच्या रंकाळ्याला शालिनी पॅलेस नाही. तो १९३१ ते १९३४ मध्ये बांधला गेला आणि आबालाल १९३१ मध्येच गेले. मी लहानपणापासून तो वाडा बघत आले, त्यामुळे त्याच्याशिवायचा काठ मला फक्त त्यांच्यामुळे कळतो.

शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला होता. १९२२ मध्ये महाराज गेले, त्या दुःखात आबालाल यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. हे आठवलं की गलबलून येतं. ज्या तळ्याच्या काठी बसून रंगवलं, त्याच तळ्यात! उरलेली चित्रं आपण जिवापाड जपायला हवीत. कागदावरच्या जलरंगाला ओल सोसत नाही आणि ऊनही.

सुट्टीच्या वर्गातल्या मुलांना पुढच्या रविवारी रंकाळ्यावर नेते. ज्याने त्याने एक जागा धरायची आणि पावसाने तळं भरेपर्यंत दर रविवारी तीच रंगवायची. ‘बाई, परत तेच?’ अशी कुरकुर सुरू झाली की सगळ्यांना घेऊन टाउन हॉल गाठायचा.