कासोटा

मी कराडला फिजिओथेरपी करते, खांद्याचे पेशंट बरेच येतात त्यामुळे खांदा बदलल्यावर काय सांगायचं ते माझं तोंडपाठ झालंय, म्हणजे असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

आजी सत्तरीच्या पुढच्या, शेतातल्या. नाव लिहीत नाही. उजवा हात दोन वर्षं वर जात नव्हता. मी धरून उचलला की कानापर्यंत आरामात जायचा आणि सोडला की धपकन खाली. खांद्याच्या गोळ्याला वाटीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात, रोटेटर कफ म्हणतो आम्ही, आजींच्या त्यातल्या वरच्या आणि मागच्या स्नायूंची अगदी वाट लागली होती, एक्सरेत गोळा वर सरकून वरच्या हाडाला टेकलेला, आणि सांधाही झिजलेला. अशा खांद्यात साधा कृत्रिम सांधा बसवून भागत नाही. स्नायूच नाहीत तर गोळा परत वर जाणार, आणि डगमगून डगमगून वाटी सैल होणार. म्हणून रिव्हर्स शोल्डर. वाटीच्या जागी गोळा आणि दंडाच्या हाडावर वाटी, सगळं उलटं. ग्रामाँ नावाच्या फ्रेंच सर्जननी १९८५ च्या सुमारास ही कल्पना आणली आणि मला आजही ती फार सुंदर वाटते, कारण सांध्याचा फिरण्याचा मध्य आत आणि खाली गेला की बाहेरून दिसतो तो डेल्टॉइड, खांद्याचा मोठा स्नायू, त्याला जोर लावायला जास्त जागा मिळते आणि तो एकटा हात वर उचलू शकतो. तुटलेले स्नायू परत जोडायची गरजच नाही.

ऑपरेशन छान झालं. घरी पाठवताना मी नेहमीचा छापील कागद दिला आणि वाचूनही दाखवला, सहा आठवडे स्लिंग म्हणजे हाताला गळ्यातली झोळी, त्या हातावर भार देऊन खुर्चीतून उठायचं नाही, शर्ट मागे खोचायचा नाही, मागच्या खिशात हात घालायचा नाही. कारण हात अंगाला चिकटून मागे गेला आणि आत वळला की नवा सांधा निखळायची भीती सगळ्यात जास्त तिथेच. आजींनी मान डोलावली. सुनेनेही.

बाराव्या दिवशी टाके काढायला आल्या. जाताना गाउनमध्ये होत्या, आता नऊवारी लुगडं, व्यवस्थित चापूनचोपून नेसलेलं, वर स्लिंग. मी आधी कौतुकाने बघितलं आणि मग माझी नजर मागे कासोट्यावर गेली आणि पोटात गोळाच आला.

"आजी, लुगडं कुणी नेसवलं?"

"कोन नेसवनार? माझं मीच."

"आणि कासोटा कुठल्या हाताने खोचला?"

त्यांनी उजवा हात स्लिंगमध्येच जरा हलवून दाखवला. "रोजच खोचतीय की. जरा ओढ बसती. तुमी शर्टाचं सांगितलंसा, मी कवा शर्ट घातलाय?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दोन वर्षं हात वर जात नव्हता तरी मागे कमरेपर्यंत जात होता, साठ वर्षांची सवय ती, हात आपोआप जाणार. आणि आम्ही तपासताना काय विचारलं, तर हात वर किती जातो. मागे हात नेऊन त्या रोज काय करतात हे मी विचारलंच नाही, मी स्वतः मराठी, माझी आजी नऊवारी नेसायची, तरी सुचलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

लगेच खांद्याचा आकार बघितला, दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, बोटं, मनगट, नाडी, आणि सर्जन सरांना फोन करून एक्सरे. तो वीस मिनिटांचा वेळ मी बाहेर उभी होते, दुसरा पेशंट घेतलाच नाही. एक्सरे आला, सांधा जागेवर. सर म्हणाले नशीब.

मग सुनेला बसवून नीट समजावलं, तीन महिने कासोटा तुम्ही खोचायचा. आजींना ते अजिबात पटेना, दुसऱ्याच्या हातून लुगडं नेसायचं म्हणजे त्यांना अंथरुणाला खिळल्यासारखं वाटत होतं. शेवटी डाव्या हाताने खोचायचं ठरलं, उजवा स्लिंगमध्येच, मी माझी ओढणी कमरेला बांधून त्यांच्यासमोर चार वेळा करून दाखवलं. आणि त्यांना हेही तेव्हाच स्पष्ट सांगितलं की या सांध्यात हात वर जाणं परत मिळतं पण मागे जाणं पुष्कळदा पूर्वीइतकं येत नाही, ते ऑपरेशनआधी सांगायला हवं होतं.

आता कागदावर शर्टाच्या ओळीखाली कासोटा, ब्लाउजचा मागचा हुक, धोतर हे सगळं लिहिलंय.

तीन महिन्यांनी आजी आल्या तेव्हा उजव्या हाताने पदर डोक्यावर घेऊन दाखवला, एकदा नाही, तीनदा. कासोटा अजून डाव्या हातानेच खोचतात. तिरका बसतो म्हणतात.