पाणी वरून नव्हे, खालून

नवव्या दिवशी सकाळी पॉलिथिनची झाकणं काढली, तर बारापैकी सात कुंड्यांतल्या मिरचीच्या कलमकाड्या, म्हणजे कलमासाठी बसवलेल्या दुसऱ्या जातींच्या काड्या, काळ्या पडलेल्या. बोट लावलं की काडी क्लिपमधून अलगद सुटायची, खाच बुळबुळीत. उरलेल्या पाच कुंड्यांत मात्र बहुतेक जोड धरलेले. हात एकच, ब्लेड एकच, खुंटही (ज्यावर कलम बसवतात ती मुळांसकटची रोपं) एकाच ट्रेमधले.

ऑर्डर एका झाडावर चार मिरच्यांची होती: ज्वाला, संकेश्वरी, ब्याडगी आणि ढोबळी. मिरचीचं रोप पहिल्या फुलापाशी दुभंगतं, मग प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते. खुंट तिथवर वाढू दिला की आयत्या चार फांद्या मिळतात. दुसऱ्या फाट्याच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर फांदी आडवी कापायची, मधोमध सेंटिमीटरभर चीर द्यायची. कलमकाडीची पाचर तेवढ्याच लांबीची, दोन्ही बाजूंनी एकेका झटक्यात तासलेली. ब्लेड घासत बसलं की साल चेंगरते. काडी बारीक असेल तर ती मध्ये न बसवता एका कडेची साल खुंटाच्या सालीशी जुळवायची. पानं दोनच, ढोबळीची तर तीही अर्धी कापून. सिलिकॉनची क्लिप, वर पॉलिथिन, आणि सावली.

पहिला संशय पॉलिथिनवरून टपकणाऱ्या थेंबांवर गेला. पण थेंब बाराही कुंड्यांवर पडत होते. साल जुळली नाही किंवा हवा कोरडी पडली, तर काडी सुकते, मान टाकते. ती कुजत नाही. इथे चिरेतच पाणी साचलं होतं.

फरक सापडला तो फांद्या मोजताना. जगलेल्या पाचही कुंड्यांत एकेक फांदी फार बारीक म्हणून तशीच सोडली होती, पानांसकट. मेलेल्या सातांत चारही फांद्या एकाच दिवशी कापलेल्या. पानंच नाहीत तर मुळांनी ओढलेलं पाणी जाणार कुठे? वर दमट झाकण, खाली भिजलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ते कापातूनच झिरपणार. खात्रीसाठी एक फालतू खुंट पाणी घालून तसाच छाटून झाकला. तासाभराने प्रत्येक कापावर पाण्याचा टपोरा मणी!

आता आदल्या दिवशी पाणी बंद, आणि पहिल्या फेरीत दोनच फांद्या कापतो. ते जोड धरून नवी पालवी फुटली की उरलेल्या दोन. झाकण सातव्या दिवसापासून रोज थोडं थोडं उघडायचं. खुंटाचे फुटवे दिसतील तसे खुडायचे, नाहीतर महिन्याभरात खुंटच झाड होऊन बसतो.

ढोबळी तिखट होईल का, हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. नाही होत, तिखटपणा फळाच्या आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतो, खुंटातून चढत नाही. तिच्या फांदीला काठी मात्र आधीच बांधावी. फळाच्या वजनाने जोड फाटतो.