बारा महिने उजेड : आमची वाटचाल

आम्ही घरांच्या ओसरीला आणि अंगणात वर्षभर राहणाऱ्या दिव्यांच्या माळा लावून देतो. आमचं घराणं मात्र मूळचं मंडप-बिछायतवाल्यांचं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत लग्न असलं की पडदे, सतरंज्या आणि लायटिंग बाबांकडून जायचं. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू व्हायचा आणि मृग लागला की सगळा माल पोत्यांत बांधून माळ्यावर चढायचा. मग गणपती आणि देवी येईपर्यंत हाताला काम नसे.

धंद्याची दिशा बदलली ती एका दिवाळीनंतर. कार्तिकी पौर्णिमा झाली, मी आणि भाऊ एका घरची सिरीज, म्हणजे दिव्यांची माळ, उतरवायला गेलो, तर घरमालक म्हणाले, “काहून काढता बाप्पा? राहू द्या नं. माय रात्री उठते, तं पायरी दिसते तिले.” त्या ओसरीला दुसरा दिवा होता, पण तो लावला की झोपलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचा. माळेचा उजेड पुरेसा होता आणि कोणाची झोपही मोडत नव्हती. असा उजेड किती घरांना हवा असेल, हा विचार तिथून डोक्यात बसला.

पण लग्नाची माळ दोन रात्रींसाठी असते, ती वर्षभर टांगून ठेवता येत नाही. बाबांच्या काळातल्या तांदूळ-बल्बच्या सिरीजमध्ये सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एकामागून एक जोडलेले असत, म्हणजे २३० व्होल्ट थेट तारेत. एक दिवा गेला की सगळी माळ बंद. त्याहून वाईट गोष्ट टिनाची. आपल्याकडे ओसरीवर टिन, म्हणजे छपराचा पत्रा असतो, त्याची धार वाऱ्याने हलणाऱ्या तारेचं आवरण कापते, आणि पावसाळ्यात ओल्या टिनात करंट उतरला तर माणूस जातो. म्हणून वर्षभराच्या कामात २३० व्होल्टची माळ आम्ही टिनाला बांधतच नाही, कोणी कितीही स्वस्तात मागितली तरी.

आमची माळ १२ व्होल्टची. अडॅप्टर घरात, कोरड्या जागी, आणि बाहेर फक्त कमी दाबाची तार. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणून तीन-तीन दिव्यांचा गट करून प्रत्येक गटाला एक रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा छोटा भाग, देतो. एक दिवा गेला तर तेवढे तीनच विझतात. पल्ला लांब असला की टोकाचे दिवे मंद पडतात, तिथे दोन्ही टोकांकडून पुरवठा द्यावा लागतो. सांध्यांवर नुसती टेप गुंडाळून भागत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, टेपचा गोंद वितळतो आणि स्वस्त तारेचं आवरण उन्हाने कडक होऊन तडकतं. आम्ही सांधा सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवतो आणि पश्चिमेकडची तार शक्यतो वळचणीच्या सावलीतून नेतो.

लोक सगळ्यात आधी बिल विचारतात. दहा वॅटची माळ रोज पाच तास पेटली तर महिन्याला दीड युनिट होतं. शिवाय १२ व्होल्टची असल्याने लाइन गेली तरी छोट्या बॅटरीवर चालते. उजेड देणाऱ्या पांढऱ्या एलईडीमागे निळ्या एलईडीचा शोध आहे. तो लावणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या चुलीवर शिजणाऱ्या भाकरीत त्यांचा वाटा आहे, असं मी मनापासून मानतो.

रंगाबाबत आमचं मत पक्कं आहे. रोजची माळ पिवळसर हवी, उजेडाच्या रंगछटेच्या मापात ३००० केल्विनच्या आसपासची, आणि लुकलुकणारी नकोच. निळसर पांढऱ्या उजेडावर पाखरं जास्त येतात. श्रावणात शेजारी सोयाबीनचं वावर असलं की ताटात काय पडेल सांगता येत नाही. अंगणातल्या कडुनिंबाला दिवे गुंडाळून मागणारेही येतात. झाडावर घरटी असतील तर आम्ही नाही म्हणतो आणि तेच दिवे तुळशीवृंदावनाला आणि ओट्याच्या कडेला लावून देतो.

रोज लायटिंग असलं तर सणाची शोभा काय राहणार, असं वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न खरा आहे. म्हणून रोजची माळ आम्ही एकाच रंगाची आणि मंद ठेवतो. महालक्ष्म्या बसल्या, भुलाबाई आल्या, दिवाळी आली की वेगळ्या स्विचवर रंगीत माळा चढतात आणि सण संपला की त्या उतरतात. घरातल्या पोरांना तो फरक लगेच कळतो.

पैसे कापूस विकल्यावर दिले तरी चालतात, ही पद्धत बाबांची, ती मोडलेली नाही. पूर्वी मृगाला आमचं दुकान थांबायचं, आता त्याच्या आधीचे दिवस सगळ्यात धावपळीचे असतात. जुन्या प्रत्येक घरी जाऊन सांधे, क्लिपा आणि उंदरांनी कुरतडलेली तार तपासायची असते. तपासणीचे पैसे घेत नाही, तार बदलली तर तेवढे घेतो. सोल्डरिंगचं काम आता गावातल्या दोन मुली करतात, आणि त्यांचा सांधा माझ्यापेक्षा नेटका असतो.