बाबांचा संगणक आणि जत्रेच्या नाटकाचा पेनड्राइव्ह

गोव्यातल्या मडकईतल्या आमच्या घरच्या संगणकावर पैशांचे व्यवहार जवळजवळ होतच नाहीत. बाबा निवृत्त शिक्षक, पासबुक भरायला स्वतः फोंड्याला जातात. पण त्या संगणकात गावच्या नाट्यमंडळाच्या कित्येक वर्षांच्या संहिता आहेत, घुमट आरतीची रेकॉर्डिंग आहेत, जमिनीचे एक-चौदाचे उतारे आणि घराचे कागद स्कॅन करून ठेवलेत. 'आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?' हा बाबांचा नेहमीचा मुद्दा. खंडणी मागणाऱ्या व्हायरसला मात्र चोरायचंच असतं असं नाही. तो फायली कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. त्या फायली त्याच्या काही कामाच्या नसल्या तरी चालतं, तुमच्या असल्या म्हणजे झालं.

जत्रेच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. संहितेच्या प्रती काढायला पेनड्राइव्ह फोंड्याच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला आणि परत आला. संध्याकाळी बाबांचा मला पणजीला फोन : "अरे, सगळे शॉर्टकट जाल्यात मरे!" प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण आलेला. मंडळातल्या एका जाणकारानं तोवर सल्लाही दिला होता : "फॉरमॅट मारा, सुटेल." फॉरमॅट मारला असता तर व्हायरसबरोबर दुरुस्त्या केलेला तिसरा अंकही गेला असता, कारण त्या दुरुस्त्या फक्त पेनड्राइव्हवरच होत्या.

मी फोनवर एवढंच सांगितलं की कशावरही क्लिक करू नका, पेनड्राइव्ह काढा आणि वाय-फाय बंद करा. शनिवारी घरी गेले.

हा शॉर्टकट व्हायरस आपल्याकडे जुनाच पाहुणा. तो मूळ फोल्डर पुसत नाही, लपवतो : त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टम' अशी खूण लावतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे व्हायरसचा छोटा प्रोग्राम, चालते आणि मग खरा फोल्डरही उघडतो. काम अडत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. नंतर त्या संगणकात जो पेनड्राइव्ह लागेल त्याचीही तीच गत. फायली शाबूत आहेत का, हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये किती जागा भरली आहे ते पाहणं. शॉर्टकट एक-दोन केबीचे असतात. जागा पूर्वीइतकीच भरलेली दिसली, तर माल आत आहे.

इथं क्रम महत्त्वाचा. आधी संगणक, मग पेनड्राइव्ह. उलट केलं तर साफ केलेला पेनड्राइव्ह संगणकातली स्क्रिप्ट पुन्हा घाण करते, आणि माणूस म्हणतो, 'हा व्हायरस जातच नाही.'

विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस असतोच. उघडला, तर सगळीकडे हिरवी टिक. पूर्ण स्कॅन लावला, तो संशय यावा इतक्या लवकर संपला आणि काहीच सापडलं नाही. मग सेटिंगमध्ये 'एक्स्क्लूजन्स' नावाची यादी पाहिली. तपासायचं नाही अशा जागा तिथं लिहिलेल्या असतात. तिथं अख्खा सी ड्राइव्ह होता! पूर्वी कुणी तरी टायपिंगचं सॉफ्टवेअर 'फुकटात' बसवून दिलं होतं, आणि फुकट म्हणजे क्रॅक, परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत. अँटिव्हायरस क्रॅकला पकडतो, म्हणून बसवणाऱ्यानं घराचा दरवाजाच रखवालदाराच्या यादीतून काढून टाकला होता. तेव्हापासून रखवालदार इमानेइतबारे अंगण राखत होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात पेनड्राइव्हपेक्षा मोठा गुन्हेगार ही यादी. तुमच्या घरी विंडोज असेल तर एकदा ती उघडून बघाच, बहुतेक घरांत ती कोरी असायला हवी.

यादी रिकामी केली, डिफेंडरची व्हायरसची माहिती अद्ययावत केली आणि पुन्हा पूर्ण स्कॅन लावला. जेवणं होईपर्यंत तो चालला, आणि या वेळी सापडलं : स्क्रिप्ट, तिच्या प्रती आणि तो क्रॅकही. त्यानंतर 'ऑफलाइन स्कॅन'. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उठण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजच्या आड लपलेल्यांना तिथं थारा नसतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत, म्हणजे संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत, त्या स्क्रिप्टची नोंद उरली होती, ती बंद केली. दुसरं मत म्हणून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरचं मोफत साधन चालवलं. त्याला काही मिळालं नाही.

मग पेनड्राइव्ह. लावला, न उघडता स्कॅन केला आणि कमांड प्रॉम्प्टवर 'अॅट्रिब' ही फायलींवरच्या खुणा बदलणारी आज्ञा दिली : वजा एच (हिडन), वजा आर (रीड-ओन्ली), वजा एस (सिस्टम), आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. ओळ संपताच फोल्डर परत दिसू लागले. तिसरा अंक जागेवर होता. फक्त संहितेच्या फायली उचलून घेतल्या, आणि मग मात्र फॉरमॅट मारला.

बाबांना वाटलं, झालं काम. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उगवली : 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत, ताबडतोब फोन करा.' बाबा म्हणाले, "हे तर रोज सांगतंय." हा अँटिव्हायरस नव्हता. कुठल्याशा साइटनं 'सूचना पाठवू का?' विचारलं होतं आणि बाबांनी सभ्यपणे 'अलाऊ' दाबलं होतं. ब्राउझरच्या साइट सेटिंगमधल्या नोटिफिकेशन्सच्या यादीतून असल्या साइट काढल्या, पाट्या थांबल्या. अशा पाटीवरच्या नंबरला फोन केला की पलीकडचा माणूस संगणक दुरून हातात घेतो आणि मग बँकेचं विचारतो. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. तो आकडा मॉनिटरच्या कडेला चिकटवलाय.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते खात्यावरून. घरात सगळेच अॅडमिन होते, म्हणजे कुणीही काहीही बसवू शकत होतं. मी बाबांसाठी आणि पुतण्यासाठी साधी 'स्टँडर्ड' खाती केली, अॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवला. आता काही बसवायचं तर पासवर्ड लागतो. पुतण्या म्हणाला, "आत्ये, मग गेम कशी घालूं?" विचारून घाल, म्हटलं. त्यानं दोन दिवस अबोला धरला. पण विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा या एका बदलावर माझा जास्त भरवसा आहे. विकतचा मी घेतला नाही.

उरला प्रश्न यंत्राच्या वयाचा. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि आमचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी या अद्यतनांना वाढीव मुदत दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात ठेवला तर ती पैसे न देता मिळते, तशी घेतली. हे टाळण्यासारखं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस जगभर पसरला, त्याच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांची यंत्रं बळी पडली.

संहिता आणि कागद आता एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत. डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात जाते, कारण जोडलेली राहिली तर खंडणीवाला तिलाही कुलूप घालतो. वीज पडली तरी जोडलेलं सगळं एकदम जातं, आणि आमच्या भागात परतीच्या पावसातल्या गडगडाटानं व्हायरसपेक्षा जास्त संगणक मारले असतील.

झेरॉक्सवाल्याला दुकानात जाऊन एक्स्क्लूजन्सची यादी आणि स्टार्टअप दोन्ही दाखवून आले. "बघतो" म्हणाला. मंडळात ठरलं की यापुढे संहिता जीमेलवर पाठवायची. झेरॉक्सवाला मात्र व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पीडीएफ असेल तोवर मला चालतं. झिप आली की मी उघडण्याआधी त्याला फोन करून विचारते, आणि तो दर वेळी वैतागतो.