मंदीतला प्रवास: स्वस्ताई नेमकी कुठे सापडते?

मंदीची चाहूल लागली की घरखर्चात सर्वांत आधी कात्री लागते ती प्रवासाला, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु प्रत्येक मंदीत असे कितीतरी लोक असतात, ज्यांचे उत्पन्न थांबलेले नसते. पगारवाढ तेवढी अडलेली असते आणि मनात धास्ती असते. २००९ साली मी त्यांच्यापैकीच एक होते. त्या वर्षी जगभरातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या सुमारे ४ टक्क्यांनी घटली. आकडा लहान दिसतो. पण आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही आणि उडालेल्या विमानातली रिकामी जागा कायमची गेलेली असते, अशा धंद्यात तेवढी घटही भाव पाडायला पुरते. तेव्हापासून मी हे दर बारकाईने पाहत आले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की मंदीत सगळेच सारखे स्वस्त होत नाही. ज्या विक्रेत्याला आपला माल कमी करता येत नाही, त्याच्याकडेच स्वस्ताई टिकते.

विमान कंपन्यांना तो कमी करता येतो. मागणी घटली की सुरुवातीला त्या सवलतीत तिकिटे विकतात, पण त्याच वेळी फेऱ्या कमी करणे, मोठ्या विमानाच्या जागी छोटे लावणे, जुनी विमाने कोरड्या हवेच्या वाळवंटी तळांवर नेऊन उभी करणे हेही सुरू होते. काही महिन्यांत जागाच कमी होतात आणि भाडी पुन्हा सावरतात. जुलै २००८ मध्ये पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढलेले कच्चे तेल त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४० डॉलरच्या खाली आले, तेव्हा तिकिटेही त्याच प्रमाणात उतरतील अशी अनेकांची अपेक्षा होती. ती पुरती फळली नाही, कारण कित्येक कंपन्यांनी इंधनाचे करार आधीच चढ्या भावाने करून ठेवले होते. म्हणून विमानाचे स्वस्त तिकीट हे मंदीच्या पहिल्या टप्प्यात मिळवायचे असते. त्या वर्षी मी तीन आठवडे एकाच मार्गाचे भाडे रोज सकाळी आणि रात्री वहीत टिपून ठेवले होते. कोणत्या वेळी शोधले याने काहीच फरक पडत नव्हता, कोणत्या वारी निघायचे याने मात्र बराच पडत होता. ठिकाण पक्के आणि तारीख सैल ठेवणाऱ्याला जे भाडे मिळते, ते तारीख पक्की करून बसलेल्याला सहसा मिळत नाही.

हॉटेलांचे गणित वेगळे आहे. इमारत उचलून वाळवंटात ठेवता येत नाही. फार तर एखादा मजला बंद ठेवता येतो. कर्जाचे हप्ते, वीज, देखभाल चालूच राहते. त्यामुळे मंदीतली खरी सवलत मला नेहमी मुक्कामाच्या खर्चात मिळाली आहे. मात्र ती दरपत्रकावर दिसत नाही, कारण एकदा जाहीरपणे उतरवलेला दर पुन्हा चढवणे कठीण जाते, हे हॉटेलवाले जाणून असतात. म्हणून ते खोलीचा दर तसाच ठेवून तीन रात्रींवर चौथी मोफत देतात, नाश्ता त्यातच धरतात किंवा वरच्या वर्गाची खोली देतात. शिवाय आरक्षणाच्या संकेतस्थळांशी असलेल्या करारांमुळे अनेकांना तिथल्यापेक्षा कमी दर उघडपणे लावता येत नाही. फोनवर किंवा पत्राने विचारणाऱ्याला मात्र तो देता येतो. मी दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, थेट हॉटेललाच फोन करते आणि आरक्षण पाहणाऱ्या व्यक्तीशी बोलते. ‘दर कमी करा’ असे न म्हणता ‘पाच रात्री राहणार आहे, तारखा तुमच्या सोयीने पुढेमागे करता येतील, यात काय देऊ शकाल?’ असे विचारते. २००९ च्या त्या फोनवर पलीकडून वहीची पाने उलटल्याचा आवाज आला, थोडी शांतता झाली, आणि मग पाच रात्रींच्या पैशांत सात रात्री व दोन्ही वेळचा चहा असे उत्तर मिळाले.

क्रूझची जहाजे या दोहोंच्या मधली आहेत. ती रिकामी नेण्यापेक्षा पडेल भावाने भरलेली परवडतात, कारण प्रवासी चढल्यावर जहाजावरही खर्च करतो. वसंतात कॅरिबियनमधून भूमध्य समुद्राकडे आणि शरदात उलट दिशेने जहाजे हलवली जातात, तेव्हाच्या फेऱ्या दिवसाच्या हिशेबाने विशेष स्वस्त असतात. परतीचे एकेरी विमानभाडे मात्र आधी पाहून घ्यावे. ते कधीकधी सारी बचत गिळून टाकते.

मंदीचा चौथा दरवाजा चलनाचा, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जुलै १९९७ मध्ये थायलंडने आपले चलन बाथ ठरवून दिलेल्या दरातून मोकळे सोडले, तेव्हा डॉलरला सुमारे २५ बाथ मिळत होते. जानेवारी १९९८ मध्ये ५० हून अधिक मिळू लागले. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या तीन मोठ्या बँका कोसळल्या आणि वर्ष संपेपर्यंत तिथला क्रोना जवळजवळ निम्म्यावर आला. एरवी अतिशय महाग असलेला तो देश परकीय चलन जवळ असलेल्यांच्या आवाक्यात आला. यात एक मेख आहे: खोलीचा दर डॉलरमध्ये लावला असेल, तर पडलेल्या चलनाचा फायदा आपल्या पदरात पडत नाही. म्हणून दर स्थानिक चलनात आहे ना आणि पैसेही त्याच चलनात घेतले जाणार आहेत ना, हे आधी विचारावे.

आता जोखमीविषयी, कारण तिचा फटका मला बसलेला आहे. एका लहान प्रवास कंपनीला मी एका सहलीचे सगळे पैसे बँकेतून थेट पाठवले आणि निघण्याच्या अकरा दिवस आधी ती बंद पडली. फोन वाजत राहायचा, कोणी उचलत नसे. पैसे परत मिळाले नाहीत. मोठे नाव असले म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. १८४१ पासूनचा वारसा सांगणारी ब्रिटनमधील थॉमस कुक कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी कोसळली, तेव्हा तिचे लाखो ग्राहक परदेशात होते आणि ब्रिटिश सरकारला आपल्या नागरिकांना परत आणण्यासाठी विमाने पाठवावी लागली. तेव्हापासून मी पैसे क्रेडिट कार्डानेच भरते, म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे दाद मागता येते. आणि प्रवासविमा घेताना त्यात कंपनीची दिवाळखोरी धरलेली आहे का, ते वाचून घेते, कारण बऱ्याच पॉलिसींत ती नसते. स्वतःची नोकरीही डळमळीत असू शकते, तेव्हा रद्द करता येणाऱ्या आरक्षणासाठी थोडे जास्त मोजणे मला पटते.

त्या सात रात्रींच्या हॉटेलात स्वागतकक्षात बसणारा तरुणच सामान उचलत होता आणि सकाळी टेबलांवर चहाही तोच आणून देत होता. त्याचे सहकारी बिनपगारी रजेवर होते. आम्ही नेमलेल्या वाटाड्याने पहिल्याच दिवशी, मी काही बोलण्याआधी, आपले मानधन निम्मे सांगितले. खोलीच्या दरासाठी मी तासभर बोलले होते. त्याच्याशी मात्र घासाघीस केली नाही. पूर्ण मानधन त्याच्या हातात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर निघण्याची वेळ ठरवून घेतली.