कॉमेंटमध्ये दडलेला फॉन्ट

सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशकांनी आपल्या साप्ताहिकाची जुनी वेबपानं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, आणायला आमच्याकडे दिली होती. ती ज्या काळातली, तेव्हा बऱ्याच मराठी साइट्सच्या फाइलमध्ये देवनागरी नसायचीच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असायची, त्यांच्या जागी 'क' किंवा वेलांटी दाखवायचं काम फॉन्टचं. कुठल्या मजकुराला तो फॉन्ट लावायचा, हे स्टाइलशीट सांगायचं. म्हणून अशा पानातलं स्टाइलशीट हरवलं की लेखच हरवतो.

आमची पद्धत साधी होती. चीरिओ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी मार्कअप, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या खुणा, वाचून त्या खुणा (टॅग) हाताशी देते. त्यातले लिंक आणि स्टाइल टॅग वेचायचे, जुना फॉन्ट कोणत्या क्लासला, म्हणजे मजकुराच्या कोणत्या गटनावाला, लावलाय ते पाहायचं आणि तेवढाच मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरला द्यायचा. त्या दिवशी मात्र एका अख्ख्या वर्षाचे अंक जसेच्या तसे बाहेर आले. फॉन्टचा एकही नियम सापडला नव्हता.

"क्लास बघतोस कशाला? सगळंच कन्व्हर्टरमधून काढ," शेजारची सहकारी म्हणाली. मला ते पटेना. जाहिरातींतले ई-मेल पत्ते, इंग्रजी पुस्तकांची नावं, सगळ्याचा चिवडा झाला असता. छापील अंकाशी बेइमानी करून वेग काय कामाचा?

मग एक पान साध्या एडिटरमध्ये उघडलं. स्टाइल टॅग होता की! पण तो 'ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर असेल तर' अशी अट असलेल्या कॉमेंटच्या, म्हणजे एरवी ब्राउझर दुर्लक्ष करतो अशा टिपेच्या, आत होता. वेबपानासोबत उतरणारे ईओटी फॉन्ट फक्त तोच ब्राउझर वाचायचा, म्हणून कुणीतरी विचारपूर्वक ही सोय केली होती. अशा अटी आवृत्ती ५ पासून ९ पर्यंतच चालल्या. चीरिओसाठी ती निव्वळ कॉमेंट, आतले टॅग तिला टॅग वाटतच नाहीत आणि तिचं ते बरोबरच आहे. उलट स्टाइल टॅगच्या आत कॉमेंटची तीच खूण आली, तर तो नुसता मजकूर असतो, नियम शाबूत राहतात. जुन्या पानांत हे दोन्ही प्रकार भेटतात.

पानांतल्या सगळ्या कॉमेंट गोळा केल्या, त्यांतल्या अटी सोलून आतला मजकूर पुन्हा चीरिओत भरला. मिळालेले नियम मूळ जागीच ठेवले, कारण तोलामोलाच्या दोन नियमांत नंतरचा जिंकतो. तासाभरात क्लास सापडले आणि पडद्यावर मराठी उमटलं. मला इतका आनंद झाला, की पहिला लेख मी तिथंच मोठ्यानं वाचून दाखवला.

संध्याकाळी नमुन्याची पानं प्रकाशकांच्या निवृत्त मुद्रितशोधकांकडे पाठवली. त्यांनी छापील अंक शेजारी ठेवून वाचलं आणि फोन केला. "अहो, पत्ते अगदी बरोबर आलेत. पण 'कविता'तली वेलांटी मागच्या अक्षराला चिकटलीय, आणि रफार एक घर पुढे सरकलाय." जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवतात, युनिकोडमध्ये नेमकं उलट. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्व्हर्टर उघडला.